जैविक कीडनियंत्रणाच्या कंपनीत शेवटचा शब्द कोणाचा असावा?

वेदगंगाकाठ

नमस्कार. निपाणी भागातील आम्ही काही गावांच्या शेतकऱ्यांनी मिळून एक शेतकरी उत्पादक कंपनी काढली, त्याला आता चार वर्षे झाली. आजवर खते-बियाण्यांची एकत्रित खरेदी आणि सोयाबीनची एकत्रित विक्री, एवढाच आमचा व्यवहार होता. गेल्या दोन हंगामांत मात्र हुमणीने, म्हणजे जमिनीत राहून मुळे खाणाऱ्या अळीने, उसाचे फड वाळवले. काहींनी बाजारातून मेटारायझियम बुरशीच्या पिशव्या आणून शेणखतातून घातल्या. कोणाला गुण आला, तर कोणाला पिशवीत नुसती पांढरी भुकटी होती की काय अशी शंका आली. शेवटी वार्षिक सभेत ठराव झाला की आपणच लहान प्रयोगशाळा उभारावी आणि हुमणीसाठी मेटारायझियम, मर व मूळकूज या रोगांसाठी ट्रायकोडर्मा ही बुरशी आणि खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड (किडीची अंडी संपवणाऱ्या बारीक माश्यांचे कार्ड), अशी तीन उत्पादने घ्यावीत. यंत्रे आणि जागा यांविषयी माहिती मिळत आहे. माझा प्रश्न माणसांविषयी आहे.

एका सल्लागाराने संचालक मंडळापुढे नेतृत्वाचा आराखडा ठेवला आहे. त्यात मुख्य कार्यकारी अधिकारी आणि विपणन प्रमुख हे दोघेही रासायनिक कीटकनाशकांच्या विक्रीत पंधरा-वीस वर्षे काढलेले गृहस्थ आहेत. हिशेबासाठी अर्धवेळ सनदी लेखापाल आहेत. कीटकशास्त्रज्ञ ‘मानद सल्लागार’ म्हणून महिन्यातून एकदा धारवाडहून येतील. प्रयोगशाळा सांभाळणारी व्यक्ती विपणन प्रमुखांच्या हाताखाली राहील. आराखडा दिसायला नीटनेटका आहे आणि मंडळातील बहुतेकांना तो पसंतही आहे. मला मात्र तो कोठेतरी उलटा मांडल्यासारखा वाटतो, पण नेमके बोट ठेवता येत नाही. जाणकारांनी आपले मत स्पष्टपणे द्यावे.

खानापूरकर

मी स्वतः कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे माझे मत दुकानदाराचे आहे हे आधीच सांगून टाकतो. आराखड्यात मला काही गैर दिसत नाही. आपल्या भागात औषध निवडतो तो शेतकरी नव्हे, काउंटरच्या आतला माणूस. शेतकरी रोगट पान किंवा अळी घेऊन येतो, ‘काय देऊ सांगा’ म्हणतो, आणि तेही बहुधा उधारीवर. ही साखळी ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही उत्तम बुरशी वाढवली तरी ती गोदामात पडून राहील. चांगले शास्त्रज्ञ आणि उत्तम उत्पादन असूनही विक्री जमली नाही म्हणून बंद पडलेल्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत.

देशातील जुन्या घराण्यांकडेही पाहावे. कोइमतूरची स्टेन्स ही कंपनी १८६१ साली कॉफीच्या धंद्यातून उभी राहिली आणि आज जैविक कीडनाशकांच्या क्षेत्रात तिचे नाव घेतले जाते. व्यापाराची घडी आधी बसलेली असल्यामुळेच नवे उत्पादन खेड्यापर्यंत नेणे अशा घराण्यांना सोपे जाते. शास्त्रज्ञ सल्लागार म्हणून महिन्यातून एकदा आला तर बिघडले कोठे? कृती एकदा ठरली की रोज रोज शास्त्रज्ञ कशाला हवा?

मलप्रभा

खानापूरकर दादा, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापुरता अनुभव माझ्याजवळ आहे. मी एका साखर कारखान्याच्या जैविक प्रयोगशाळेत अकरा वर्षे काम केले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही.

ट्रायकोकार्ड कसे तयार होते हे बहुतेकांनी पाहिलेले नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आधी तांदळावरचा पतंग, म्हणजे कॉर्सायरा, ज्वारी-बाजरीच्या भरडीवर पेट्यांमध्ये वाढवावा लागतो. त्याची अंडी गोळा करून स्वच्छ करायची, अतिनील दिव्याखाली धरून आतला गर्भ मारायचा, म्हणजे त्यातून अळी बाहेर पडत नाही. मग ती अंडी डिंक लावलेल्या कार्डावर पसरायची आणि ट्रायकोग्रामाच्या माश्यांसमोर ठेवायची. माशी त्या अंड्यात आपले अंडे घालते, तीन-चार दिवसांत अंडी काळी पडतात आणि सात-आठ दिवसांत त्यातून नवी माशी निघते. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात. उसाच्या खोडकिड्यासाठी हेक्टरी ५०,००० ही शिफारस धरली, तर एकरी एक कार्ड होते आणि ते आठ-दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा लावावे लागते. कृती एवढीच आहे आणि ती दोन आठवड्यांत शिकता येते.

शिकता येत नाही ते पुढचे. भरडीच्या पेट्यांमध्ये ब्रॅकॉन नावाची दुसरी परोपजीवी माशी एकदा शिरली की ती कॉर्सायराच्या अळ्याच संपवते आणि काही दिवसांत खोलीच्या खोली रिकामी होते. तिचा शिरकाव पहिल्या दिवशी ओळखणारी नजर रोज त्या खोलीत फिरणाऱ्यालाच येते. पतंगांच्या पंखांवरची धूळ कामगारांच्या छातीत जाऊन दम्यासारखा त्रास होतो. मास्क आणि हवा खेचणारा पंखा यांवर खर्च करावा हे मंडळात कोणीतरी ठासून सांगावे लागते, आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला ते सुचत नाही.

आता मूळ मुद्दा. एका उन्हाळ्यात आमच्याकडे सलग वीज गेली आणि शीतपेटीतील कार्डे तापली. मी काचेच्या नळीत कार्डाची एक पट्टी ठेवून पाहिली, तर माश्या निघण्याचे प्रमाण नगण्य होते. मी ती खेप थांबवा म्हणाले. शेती विभागाच्या वरिष्ठांना त्या आठवड्यात ठरलेल्या एकरांचे उद्दिष्ट पूर्ण करायचे होते आणि मी त्यांच्याच हाताखाली होते, त्यामुळे कार्डे गेली. शेतकऱ्यांनी ती इमानेइतबारे उसाच्या पानांखाली टाचली. एकाचीही तक्रार आली नाही, कारण मेलेले काळे अंडे आणि जिवंत काळे अंडे डोळ्यांना सारखेच दिसते. फवारणीचे औषध निकामी निघाले तर दोन दिवसांत बोभाटा होतो. येथे हंगाम संपेपर्यंत कोणाला कळत नाही आणि कळले तरी दोष पावसाला दिला जातो.

वेदगंगाकाठ दादा, आपल्याला खटकलेली जागा मला वाटते हीच आहे. प्रयोगशाळेतील माणूस विक्री करणाऱ्याच्या हाताखाली असेल तर ‘ही खेप जाणार नाही’ हे वाक्य त्या इमारतीत कोणीच उच्चारू शकत नाही.

अथणीकर

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे थोडे मागचे सांगतो. २००२ साली सांगलीच्या बाजूने उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता आपल्या पट्ट्यात पसरला. पानाखाली पिंजलेल्या कापसासारखा थर, खालच्या पानांवर काजळी, आणि फडात शिरले की अंगभर पांढरे. लोकांनी हाती येईल ते औषध फवारले. उभ्या उसात पंप घेऊन शिरणे किती अवघड असते हे ऊसवाल्याला सांगायला नको. अखेर मावा आटोक्यात आणला तो त्याच्यावरच जगणाऱ्या किड्यांनी. डिफा नावाची अळी, मायक्रोमस, आणि ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्सिया ही बारीक माशी. आम्ही डिफाच्या अळ्या असलेली पाने कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधली आहेत. त्या पानांचे कोणी बिल केले नाही.

हे सांगण्याचे कारण असे की जे जैविक नियंत्रण सर्वांत चांगले चालते त्याला गिऱ्हाईक उरत नाही. मित्रकीटक एकदा वस्तीला आला की तो आपले काम फुकट करतो. तामिळनाडूत पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आला, तेव्हा २०१० साली प्वेर्तो रिको बेटावरून त्याची शत्रुमाशी आणवली गेली. ती सोडल्यावर तिने पसारा घातला आणि विक्रीचा प्रश्नच राहिला नाही. अशी कामे सरकारी संस्थेनेच करायची असतात. बंगळूरला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे तो त्यासाठीच. तेथील कामाचे मूळ १९५७ साली राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र सुरू झाले तिथपर्यंत जाते. कंपनीला विकायला उरते ते पुन्हा पुन्हा घालावे लागणारे: कार्ड, बुरशी, जिवाणू. तेव्हा तुमच्या नेतृत्वात एक तरी माणूस असा पाहिजे, जो शेतकऱ्याला ‘यंदा तुमच्या फडात मित्रकीटक पुरेसे आहेत, आमचे कार्ड घेऊ नका’ असे सांगेल. विक्रीवर कमिशन घेणारा हे कधी सांगेल काय?

खानापूरकर

काका, कमिशनवाल्यांत मीही येतो, पण आपले म्हणणे मान्य आहे. मलप्रभा ताईंचा अनुभव वाचून माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धा मात्र ठेवतो. शास्त्रज्ञ वर बसवला म्हणजे सगळे सुरळीत होईल, असे ज्यांना वाटते त्यांनी तशी उदाहरणे दाखवावीत.

हिंडलगा

उदाहरण आहे, आणि ते दोन्ही बाजूंना टोचणारे आहे. मी कृषी व्यवसाय व्यवस्थापन शिकवतो, त्यामुळे हे प्रकरण वर्गात दरवर्षी येते.

पामेला मॅरोन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ. मोन्सँटोत काम केल्यानंतर त्यांनी १९९५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे ॲग्राक्वेस्ट ही कंपनी काढली. बॅसिलस जिवाणूवर आधारित ‘सेरेनेड’ हे तिचे बुरशीनाशक गाजले आणि २०१२ साली बायरने ती कंपनी विकत घेतली. तोपर्यंत बाईंनी २००६ मध्येच मॅरोन बायो इनोव्हेशन्स ही दुसरी कंपनी सुरू केली होती आणि २०१३ साली तिचे समभाग बाजारात आले. म्हणजे संस्थापक शास्त्रज्ञ, पदावरही शास्त्रज्ञ, आणि या क्षेत्रातील त्यांचा अधिकार जगाने मानलेला. तरीही २०१४ मध्ये उघड झाले की विक्रीचे आकडे फुगवलेले होते. वितरकांना माल परत करण्याची मुभा देणारे करार लपवून तोच माल ‘विकला गेला’ म्हणून हिशेबात धरला जात होता. २०१६ साली अमेरिकेच्या रोखे नियामकाने कंपनीवर आणि तिच्या माजी मुख्य कामकाज अधिकाऱ्यावर कारवाई केली, आणि कंपनीला साडेसतरा लाख डॉलर दंड भरावा लागला. मॅरोनबाईंवर गैरकृत्याचा आरोप ठेवला गेला नाही, परंतु त्या काळात मिळालेला बोनस त्यांना परत करावा लागला. २०२२ मध्ये ती कंपनी अर्जेंटिनातील बायोसेरेस समूहात विलीन झाली.

आता हे आपल्या भाषेत मांडू. दुकानात माल ‘टाकणे’ आणि माल विकला जाणे यांत फरक आहे, हे खानापूरकरांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. रासायनिक औषध दुकानात वर्षभर पडले तरी फारसे बिघडत नाही. जिवंत बुरशी मात्र पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढते तेव्हा तिचे बीजाणू रोज मरत असतात. म्हणजे दुकानात टाकलेला माल विक्री म्हणून धरला, की हिशेब खोटा होतो आणि पिशवीही खोटी होते. ट्रायकोडर्माच्या भुकटीसाठी आपल्याकडे दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत पेशी असे प्रमाण आहे. कारखान्यातून निघताना ते असते; फडात पोहोचताना ते किती उरले हे ज्याने पाहावे तो माणूस मंडळाच्या टेबलावर असायला हवा. मॅरोन प्रकरणातून मी काढतो तो निष्कर्ष एवढाच की कप्तान शास्त्रज्ञ असल्याने भागत नाही. विक्री मोजणारा आणि विक्री करणारा हे वेगळे असावे लागतात, आणि माल तपासणारा या दोघांपासूनही वेगळा असावा लागतो.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण नेदरलँड्सच्या कोप्पर्ट कंपनीचे. यान कोप्पर्ट हे काकडी पिकवणारे शेतकरी होते. काचगृहातील लाल कोळी या किडीविरुद्ध त्यांनी भक्षक कोळी वापरून पाहिला, आणि १९६७ साली त्यातूनच कंपनी उभी राहिली. तेथे पहिला ग्राहक आणि पहिला उत्पादक एकच होता. आपल्या निपाणीच्या मंडळात सगळे शेतकरीच आहेत, ही त्या अर्थाने जमेची बाजू आहे. सल्लागाराच्या आराखड्यात तिचा उपयोग केलेला दिसत नाही.

टिळकवाडी

मी कंपनी सचिव म्हणून काम करतो. कायद्याच्या अंगाने काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते, कारण वरील चर्चेतील बऱ्याच अपेक्षा उत्पादक कंपनीच्या चौकटीत सहज बसतात.

उत्पादक कंपनीच्या संचालकांची संख्या किमान पाच आणि कमाल पंधरा असते. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमणे बंधनकारक आहे आणि तो सभासदांपैकी असू शकत नाही. पदसिद्ध संचालक म्हणून तो मंडळावर बसतो. म्हणजे सल्लागाराच्या आराखड्यातील विक्रीचे अनुभवी गृहस्थ आपोआप मंडळावर येतात, तर प्रयोगशाळा सांभाळणारी व्यक्ती मंडळाच्या दाराबाहेर राहते. आराखडा उलटा वाटण्याचे कायदेशीर कारण हे आहे. मात्र एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक मंडळाला स्वीकृत करून घेता येतात. दहा संचालक असतील तर दोन जागा झाल्या. धारवाडच्या त्या शास्त्रज्ञांना ‘मानद सल्लागार’ ठेवण्याऐवजी तज्ज्ञ संचालक करावे. सल्लागाराचे मत इतिवृत्तात आले नाही तरी चालते, पण संचालकाचा विरोध नोंदवावाच लागतो, आणि हा फरक बैठकीच्या दिवशी कळतो.

गुणवत्ता पाहणाऱ्या व्यक्तीने मुख्य कार्यकाऱ्यांना नव्हे, थेट मंडळाच्या एका समितीला उत्तरदायी राहावे, असा ठराव मंडळ करू शकते. खेप रोखण्याचा अधिकार तिला लेखी द्यावा आणि तो डावलायचा असेल तर मुख्य कार्यकाऱ्यांनी कारण लिहून सही करावी. अनुभव असा आहे की जेथे सही करावी लागते तेथे डावलण्याचे प्रसंग फार थोडे येतात.

खानापूरकर

हिंडलगा सरांनी दुकानात माल टाकण्याविषयी लिहिले ते शब्दशः खरे आहे, आणि मार्च अखेरीला तर विचारूच नका. त्याला माझा उपाय असा की या कंपनीने मागणी नोंदवूनच माल बनवावा. हुमणीची वेळ ठरलेली असते. वळीव पडला की भुंगेरे बाहेर येतात, पुढे अंड्यांतून अळ्या निघतात, आणि अळी लहान व जमीन ओली असताना, म्हणजे जून-जुलैत, बुरशी पडली तरच उपयोग. मग मेमध्ये नोंदणी, जूनमध्ये पुरवठा, आणि उरलेला माल परत. विपणन प्रमुखाला महिन्याचे उद्दिष्ट देण्याऐवजी हंगामाचे द्यावे.

सीमेचा एक प्रश्न कोणी काढला नाही. निपाणीत बसून तुम्ही कागल, गडहिंग्लज, चंदगडला माल देणारच; अनेकांची जमीन अल्याड आणि सोयरे पल्याड. जैविक कीडनाशकाची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय समितीकडे होते, पण उत्पादनाचा आणि विक्रीचा परवाना त्या त्या राज्याचा. म्हणजे कर्नाटकात उत्पादनाचा परवाना आणि कोल्हापूर जिल्ह्यात विक्रीसाठी महाराष्ट्राचा वेगळा. बुरशी आणि जिवाणूंना नोंदणी लागते. ट्रायकोकार्डासारख्या जिवंत कीटकांना मात्र या कायद्याची नोंदणी लागत नाही. त्यामुळे कार्डांपासून सुरुवात केली तर पहिल्या वर्षी कागदपत्रांचा भार हलका राहील. कागदांवरून आठवले: बेळगावातील कार्यालयात अर्ज कन्नडमध्ये, कोल्हापुरात मराठीत, केंद्रीय समितीकडे इंग्रजीत. हे तिन्ही सांभाळणारा माणूस नेतृत्वात नसेल तर तुमचा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेऐवजी झेरॉक्सच्या दुकानातच दिसेल.

मलप्रभा

कार्डांपासून सुरुवात करण्याची सूचना मला पटते, मात्र ‘नोंदणी लागत नाही’ याचा दुसरा अर्थ ‘बाहेरून कोणी तपासत नाही’ असा होतो, हेही ध्यानात असावे. तेथे आतली तपासणी दुप्पट कडक हवी.

आणखी एक गोष्ट मूळ बियाण्याची. ट्रायकोग्रामाच्या प्रजाती भिंगाखालीसुद्धा एकसारख्या दिसतात. बंगळूरच्या त्याच केंद्रात एच. नागराज आणि सुधा नागरकट्टी यांनी नराच्या जननांगांच्या रचनेवरून त्या वेगळ्या ओळखण्याची रीत पक्की केली, म्हणून आज आपण उसाच्या खोडकिड्यासाठी कायलोनिस आणि भाताच्या खोडकिड्यासाठी जॅपोनिकम असे खात्रीने म्हणू शकतो. प्रयोगशाळेत दोन्ही शेजारशेजारी वाढवल्या आणि एका सकाळी झाकण उघडे राहिले, तर पुढे महिनोन्महिने आपण काय विकतो आहोत हे आपल्यालाच कळणार नाही. मूळ संच ठरावीक काळाने ब्युरोकडून नव्याने आणणे आणि मधूनमधून ओळख पटवून घेणे याचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरावा. हा खर्च पहिल्याच तंगीत कापला जातो, कारण तो कापल्याचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही.

बुरशीचेही तसेच. नोंदणी ठरावीक वाणाच्या नावे होते आणि तो वाण मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. सतत कृत्रिम खाद्यावर वाढवलेली मेटारायझियम हळूहळू आळशी होते. तिला अधूनमधून हुमणीच्या अळीवरून घेऊन पुन्हा ताजी करावी लागते. हुमणीची अळी हिरव्या बुरशीने माखलेली मिळाली की आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना जो आनंद होतो, तो विक्रीच्या आकड्यांतून होत नाही. आपण नेमाल तो प्रमुख चिखलात उतरून अशी अळी शोधणारा आहे का, हे मुलाखतीत जरूर विचारा.

काकतीचा_बटाटा

मध्येच एक शंका. आमच्याकडे ‘जैविक’ म्हणून बाटल्या येतात, त्या मारल्यावर किडी तासाभरात पडतात. हे जैविक कसे?

मलप्रभा

बुरशी किंवा विषाणू कीड तासाभरात पाडत नाहीत. त्यांना काही दिवस लागतात. तासाभरात पडत असेल तर त्यात रासायनिक औषध मिसळले असण्याची दाट शंका घ्यावी. बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि जीवाचे नाव आहे का ते पाहा.

टिळकवाडी

यात भर घालतो. पिकाची वाढ सुधारणाऱ्या जैव-उत्तेजकांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर खत नियंत्रण आदेशाखाली आणले गेले आहे. अशा बाटलीवर कीड मारण्याचा दावा करता येत नाही. आपल्या कंपनीच्या विपणन प्रमुखाला ही रेषा पहिल्या दिवशी समजावून द्यावी, कारण दावा विक्रेता करतो आणि नोटीस संचालकांना येते.

अथणीकर

माणसे निवडताना आणखी एक पाहावे. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा आपल्याच राज्यात, शिवमोग्ग्याला, सापडली, आणि वर्षाच्या आत आपल्या मक्यात होती. तेव्हा कोणाकडे तयार उत्तर नव्हते. पाऊस लागला की काही अळ्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीने आपोआप मरून पानावर चिकटलेल्या दिसत. ते पाहून ज्यांनी धारवाडच्या कृषी विद्यापीठाला विचारले त्यांनी फवारण्या कमी केल्या. नवी कीड येईल तेव्हा पहिला फोन कोणाला करायचा हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस वर ठेवा. बाकीचे शिकवता येते.

वेदगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा छापून मी संचालकांना वाचायला दिला आणि परवा मंडळाची बैठक झाली. जे ठरले ते कळवतो.

सल्लागाराचा आराखडा पूर्णपणे फेटाळलेला नाही. मुख्य कार्यकारी म्हणून विक्रीचे अनुभवी गृहस्थच राहतील. खानापूरकर दादांचा मुद्दा मंडळाला मान्य झाला. मात्र वेगळे विपणन प्रमुख पद पहिली दोन वर्षे भरायचे नाही आणि त्या पगारातून पूर्णवेळ प्रयोगशाळा प्रमुख आणि स्वतंत्र गुणवत्ता तपासनीस अशी दोन पदे करायची. धारवाडच्या शास्त्रज्ञांना तज्ज्ञ संचालक म्हणून विचारणा झाली आहे. खेप रोखण्याचा अधिकार तपासनीसाकडे राहील, आणि तिचे उत्तरदायित्व तीन संचालकांच्या समितीला असेल. त्या तिघांपैकी एक सभासद असा असेल, ज्याच्या फडात सर्वांत जास्त हुमणी आहे. ही सूचना एका वयस्कर संचालकांनी हसत हसत केली होती, पण ती इतिवृत्तात गेली. पहिल्या हंगामात फक्त ट्रायकोकार्डे, तीही नोंदणी केलेल्या एकरांपुरतीच. प्रत्येक खेपेतील पट्ट्या काचेच्या नळीत ठेवून किती माश्या निघाल्या याचा फलक कार्यालयाबाहेर कन्नड आणि मराठीत लावायचा आहे.

एकमत झाले नाही ते पगारावर. तपासनीसाला मुख्य कार्यकाऱ्यांच्या निम्म्याहून कमी द्यावे, असे काहींचे म्हणणे होते. मलप्रभा ताईंचा वीज गेल्याचा प्रसंग मी त्यांना पुन्हा वाचून दाखवला, तरी निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. दुसरी अडचण अशी की त्या पदासाठी आलेल्या अर्जांत सर्वांत योग्य मुलगी आमच्याच एका संचालकांची कन्या आहे. तिने धारवाडला कीटकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. टिळकवाडी सर, हे चालते का?

टिळकवाडी

सभासद नसण्याची अट मुख्य कार्यकाऱ्यांपुरती आहे, त्यामुळे नेमणुकीला तेवढ्याने बाध येत नाही. तिच्या वडिलांनी हितसंबंध लेखी जाहीर करावेत, त्या ठरावाच्या चर्चेला आणि मतदानाला बसू नये, आणि तपासनीस ज्या समितीला उत्तर देते त्या समितीवर त्यांना घेऊ नये. मुलाखत तज्ज्ञ संचालकांनी घ्यावी.

मलप्रभा

तिच्या मुलाखतीच्या दिवशी निपाणीला येण्याची माझी तयारी आहे. येताना दोन कार्डे आणीन, एक जिवंत आणि एक मेलेले. तिच्यासमोर भिंग आणि काचेची नळी ठेवा, आणि उत्तर द्यायला तिला एक दिवसाची मुदत द्या. जनरेटरचा ठराव झाला का, तेवढे मात्र कळवा.

वेदगंगाकाठ

जनरेटर राहूनच गेला. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पगाराच्या आधी घेतो.